डिक्की लागेना, मागचा वायपर हलेना: जुनी हॅचबॅक

गोदाकाठ

राम राम मंडळी. गाडी २००९ ची, पेट्रोल हॅचबॅक, एमएच २२. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळे प्रतिसाद "ती कंपनीच तसली" यावर जातात आणि डिक्की राहते बाजूला.

तक्रार अशी: डिक्की एका दणक्यात लागत नाही. दोन-तीनदा आपटावी तेव्हा बसते, आणि बसली तरी डॅशबोर्डवरचा उघड्या दाराचा दिवा कधी जातो, कधी नाही. मग आतला लाइटही जळत राहतो. सीटशेजारचा लिव्हर ओढला की कधी उघडते, कधी नुसता 'टक' आवाज. मागचा वायपर गेल्या पावसाळ्यात काचेच्या मधेच थांबायचा, हाताने ढकलला की चालायचा. आता पार मेलाय. नंबरप्लेटचा दिवाही लागत नाही, पण तोच बल्ब दुसरीकडं लावला तर पेटतो.

परभणीतल्या एका गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, "लॉक पूर्ण बदला, मोटर पूर्ण बदला." नुसती मोटरच साडेतीन हजार म्हणतो. गाडीचं रजिस्ट्रेशन पाच हजार भरून २०२९ पर्यंत वाढवून घेतलंय, म्हणजे गाडी तर ठेवायचीच आहे, पण असं सगळं नवं घालत बसलो तर कसं जमायचं? मला एक शंका अशी येतेय की नवी नंबरप्लेट बसवताना मागं रिव्हेट ठोकले, त्यात एखादी वायर दबली असेल का?

पेरणी तोंडावर आलीय. बियाण्याच्या बॅगा, फवाऱ्याचा पंप सगळं ह्याच डिक्कीतून शेतात जातं. सुरुवात कुठून करू?

बालाघाटी

मागचा वायपर पायजेच कशाला म्हणतो मी? आमच्याकडं केजला मोटर काढून टाकली अन् भोकाला रबरी बूच लावलं. बीड जिल्ह्यात पाऊस पडतोच किती!

बारा_व्होल्ट

बालाघाटी, मागचा वायपर पावसापेक्षा धुळीसाठी आणि चिखलासाठी जास्त लागतो. हॅचबॅकची पाठ उभी कापलेली असते. गाडी पळायला लागली की मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली सगळी घाण तिथे ओढली जाऊन काचेवर बसते. सेडानची काच तिरकी असते आणि तिच्यामागे डिक्कीचा सपाट भाग असतो, म्हणून तिला बहुतेक वेळा वायपर देत नाहीत. उसाच्या ट्रॉल्यांमागून चिखलाच्या रस्त्याने एकदा जाऊन बघा, मग बूच काढावंसं वाटेल.

गोदाकाठ, आत्ता काहीही विकत घेऊ नका. आधी एवढं सांगा:

मागच्या काचेचं डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा) आहे का, आणि असेल तर चालतं का? वरचा तिसरा ब्रेकलाइट लागतो का? अंधारात कुणालातरी मागे उभं करून ब्रेक दाबा आणि विचारा, नंबरप्लेटचा दिवा मिणमिणता पेटतो का?

गोदाकाठ

डिफॉगर नाही. वरचा ब्रेकलाइट आहे, पण मुलगा म्हणतो "पप्पा, तो मंद लागायलाय." आणि हो, ब्रेक दाबला की नंबरप्लेटचा दिवा खरंच किंचित लाल होतो! हे तुम्हाला कसं कळलं?

बारा_व्होल्ट

मग लॉक वेगळं बिघडलंय, वायपर वेगळा बिघडलाय, दिवा वेगळा, असं धरून चालू नका. या सगळ्यांची अर्थ, म्हणजे करंट बॉडीकडे परत नेणारी वायर, एकच असते, आणि ती डिक्कीतून बॉडीकडे येताना तुटलेली आहे असा माझा नव्वद टक्के अंदाज. रिव्हेट सध्या निर्दोष.

का, ते सांगतो. वरच्या ब्रेकलाइटचा करंट अर्थने परत जायला हवा. अर्थच तुटली तर तो दुसरी वाट शोधतो. डिक्कीत सगळ्यांच्या अर्थ एकत्र जोडलेल्या असतात, म्हणून तो त्या जोडातून नंबरप्लेटच्या बल्बमध्ये उलटा घुसतो, तिथून टेललॅम्पच्या वायरवर येतो आणि टेललॅम्पच्या अर्थने घरी जातो. दोन-तीन बल्ब एकामागे एक जोडल्यासारखे झाले, म्हणून सगळेच मंद. हे बल्बवाल्या जुन्या गाड्यांत हमखास दिसतं. एलईडी असेल तर चित्र वेगळं.

आता तुटते कुठे? डिक्की उघडा. वरती बिजागरीपाशी छतातून डिक्कीत जाणारी घड्याघड्यांची रबरी नळी दिसेल. डिक्कीच्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात. तार हातात धरून मागेपुढे वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते ना, अगदी तेच तिथे पंधरा वर्षं चाललेलं असतं. वरचं प्लॅस्टिक तडकतं, आतले तांब्याचे धागे एकेक करून तुटतात, आणि बाहेरून नळी मात्र ठणठणीत दिसते. नळीचं एक टोक हलक्या हाताने सोडवा, मागे सरकवा आणि वायरी बघा. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

मल्टिमीटरवर एकट्या विसंबू नका. वायरचा एक धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास खेचतच नाही. टेस्ट लॅम्प वापरा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, झालं. तो पावणेदोन अँपिअर खेचतो. एका धाग्यावरच्या वायरीला तेवढं झेपत नाही, बल्ब मंद होतो किंवा पेटतच नाही.

बालाघाटी

हे वाचून बुचाला हात लावला. बूच ठीक हाय, पण खालचा गालिचा ओला हाय राव.

बारा_व्होल्ट

बालाघाटी, सुरीने कापून बसवलेलं बूच उन्हाने आकसतं. मोटरच्या भोकाची किनार पत्र्याची असेल तर तिला गंज लागतो. भोकाच्या मापाचं, दोन्ही बाजूंनी कड असलेलं रबर ग्रोमेट घाला आणि कडेने सिलिकॉन द्या. आणि मोटरच्या वायरीचं टोक उघडं सोडलंय का बघा. लाइन अजून जिवंत असेल तर ओल्या पत्र्याला लागून फ्यूज उडेल.

मांजराथडी

वायरीचं बारा_व्होल्ट बोलले ते बरोबर. पण दादा, डिक्की आपटावी लागते हा वायरीचा रोग नाही, तो लॉकचा आहे. दोन्ही एकाच वेळी आले म्हणून एकाच्या माथी मारू नका. मी आयुष्यभर ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकामात होतो, लॉक म्हणजे लॉक, गाडीचं काय अन् टपाचं काय.

लॉकमध्ये दोन गोष्टी असतात. एक फिरता पंजा, जो बॉडीवरच्या कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, धरतो. दुसरा खटका, जो पंजाला परत उघडू देत नाही. लिव्हर ओढला की केबल खटक्याला मागे खेचते आणि स्प्रिंगने पंजा सुटतो. एवढंच यंत्र. त्यात काळ्या मातीची धूळ अन् जुनं ग्रीस मिळून जो लगदा होतो, तोच सगळं अडवतो.

डिक्की उघडी ठेवा. स्क्रूड्रायव्हरचा दांडा लॉकच्या तोंडात घाला अन् दार लागताना कडी ज्या दिशेनं येते त्या दिशेनं पंजा दाबा. बऱ्याच लॉकांत दोन टक ऐकू येतात, पहिल्यात अर्धं लागतं, दुसऱ्यात पूर्ण. मग दुसऱ्या माणसाला लिव्हर ओढायला सांगा. पंजा झटक्यात उघडायला पाहिजे. आळसावल्यासारखा उघडला तर घाण झालीय. उघडलाच नाही तर केबल बघा. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: हा प्रयोग झाल्यावर पंजा उघडल्याशिवाय डिक्की खाली आपटायची नाही. बंद पंजाच्या पाठीवर कडी आदळली की बिघडत नव्हतं तेही वाकतं.

साफ करायला जुना टूथब्रश अन् थोडं डिझेल, नाहीतर ब्रेक क्लीनर. लॉकमध्ये छोटा स्विच असतो, त्यावर धो धो ओतू नका. पुसून वाळवा, मग पांढरं लिथियम ग्रीस, तेही बोटभर लावायचं नाही, बोटाच्या टोकाला लागेल एवढंच. डब्ल्यूडी-४० मारून घाण सुटते, पण ते उडून जातं. त्याच्यावर वर्ष काढायचं म्हणाल तर नाही निघायचं.

केबलचं असं की बाहेरची नळी तिच्या क्लिपमधून निसटते. मग लिव्हर ओढला की आतली तार ओढली जायच्या ऐवजी नळीच हलते. तुमचा 'नुसता टक' तिथलाही असू शकतो.

गोदाकाठ

मांजराथडी काका, उद्या डिक्की अजिबातच उघडली नाही तर? ती भीती आहेच. आत फवाऱ्याचा पंप अडकला तर शेतातलं काम थांबेल.

मांजराथडी

मागचं सीट पाडा, आत शिरा, डिक्कीच्या आतल्या प्लॅस्टिकला खाली मधोमध एखादं छोटं झाकण किंवा चीर आहे का बघा. पुष्कळ हॅचबॅकमध्ये असतं. त्यातून स्क्रूड्रायव्हरनं लॉकची पट्टी सरकवली की उघडतं. झाकण नसलं तर प्लॅस्टिकच्या क्लिपा सोडवून पॅनल काढावं लागेल. उन्हात काढू नका, सकाळच्या गारव्यातही काढू नका. थंडीत क्लिपा ठिसूळ असतात अन् उन्हात हाताला चटके बसतात. सावलीत, दुपार कलल्यावर.

कपाशी

मीही जालन्याहून लिहिते, माझ्या गाडीचंही हेच चाललंय. वायरींचं मला कळत नाही. पण डिक्की लागत नाही म्हणून मी सध्या आतून दोरीने बांधून शाळेत जाते-येते. दोन बोटं फट राहते. तेवढ्यावर काही दिवस चालेल ना? रस्त्यात उघडणार नाही एवढी घट्ट बांधलीय.

बारा_व्होल्ट

कपाशीताई, उघडण्याची काळजी दुय्यम आहे. फट ठेवून गाडी चालवू नका, ही कळकळीची विनंती. वर लिहिलं ना की गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो आणि घाण ओढली जाते; तिथेच सायलेन्सरचा धूर असतो. फटीतून तो गाडीत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं. मागच्या सीटवर मुलं असतील तर आधी त्यांना त्रास होतो.

अगदीच नाइलाज असेल आणि गॅरेजपर्यंतच जायचं असेल तर पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली, पंखा बाहेरची हवा घेणाऱ्या खटक्यावर आणि फुल वेगात. त्यापलीकडे नाही.

कपाशी

बापरे. हे मला कुणीच सांगितलं नाही. आज रिक्षाने गेले.

दादा, माझी डिक्की आपटली तरी लागतच नाही, कडीवरून उसळते. आवाजही येत नाही.

मांजराथडी

ताई, वर लिहिलेलं बघा. पंजा बंद स्थितीत अडकलेला असणार. कुणीतरी सामान ठेवताना लागला असेल, किंवा पोरांनी बोट घालून फिरवला असेल. कडीला आत शिरायला जागाच नाही म्हणून उसळते. डिक्की उघडी ठेवून लिव्हर ओढून धरा अन् दुसऱ्याला पंजा बोटानं, नाही, बोटानं नको, स्क्रूड्रायव्हरनं उलट फिरवायला सांगा. पैसे लागणार नाहीत.

कपाशी

लागली! शेजारच्या काकांनी केलं. ते विचारतात, फोनवर कुणाशी बोलतेस.

गोदाकाठ

मंडळी, नळी सोडली. फोटो टाकता येत नाही म्हणून सांगतो. काळी वायर पूर्ण तुटलेली, दोन टोकं एकमेकांना चिकटून नुसती उभी होती. वायपरच्या निळ्या वायरीचं प्लॅस्टिक फाटून आत हिरवट पूड. बाकीच्या दोघींना चिरा. आणि त्याच नळीतून काचेवर पाणी उडवायची बारकी पाइप जाते, तीही जोडाशी फुटलेली. म्हणजे इतकी वर्षं मी पाण्याची कळ दाबायचो आणि पाणी ह्या वायरींवर पडायचं?

रिव्हेटाची काही चूक नाही. त्याच्यापासून वायर वीतभर लांब आहे.

बारा_व्होल्ट

हिरवी पूड म्हणजे तांब्याचा गंज, आणि पाणी तिथूनच आलं. आधी ती पाइप बदला, नाहीतर नव्या वायरींचीही तीच गत होईल.

आता वायरी. इथेच बहुतेकजण टेप गुंडाळून मोकळे होतात आणि पुढच्या पावसात परत येतात. तुटलेल्या जागी जोड द्यायचाच नाही. नळीच्या आत जिथे वाकतं त्या भागात एकही जोड नको. एक जोड छताच्या आत, दुसरा डिक्कीच्या आत, आणि मधला सगळा तुकडा नवा. बारीक धाग्यांची, सिलिकॉन इन्सुलेशनची मऊ वायर मिळाली तर उत्तम, ती वाकून वाकून लवकर थकत नाही. जाडी मूळ वायरीइतकी किंवा थोडी जास्त, कमी कधीच नाही. सगळे जोड एकाच जागी आणू नका, बोटबोट अंतराने मागेपुढे घ्या, नाहीतर तिथे गाठोडं होतं आणि नळी परत बसत नाही. डिक्की पूर्ण उघडल्यावर वायर ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवा.

एक-एक वायर कापा, जोडा, मग दुसरी. सगळ्या एकदम कापल्या तर रंगांचा घोळ ठरलेला.

जुनी_चाकं

जोड कसा द्यायचा, कथील वितळवून सोल्डर की धातूची नळी दाबून क्रिंप? मी सोल्डरवाला.

बारा_व्होल्ट

सोल्डर वायरीत झिरपतं आणि तेवढा भाग कडक होतो. जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं, तिथे नवी तूट. वाकणाऱ्या भागाच्या बाहेर सोल्डर चालेल, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, हवीच. मी स्वतः चांगल्या प्लायरने क्रिंप करतो.

जुनी_चाकं

तुमच्यासारखे वाळूजमध्ये कारखान्यात काम करणारे सगळे क्रिंपच म्हणणार. आमच्या नांदेडात दुकानदार क्रिंप मागितला की कानातला टॉप्स दाखवतो. सोल्डर गन मात्र प्रत्येक मोबाइलवाल्याकडे.

बारा_व्होल्ट

वाद नको. सोल्डर करा, पण नळीच्या बाहेर करा. यावर तरी एकमत?

जुनी_चाकं

एकमत.

गोदाकाठ

वायरी झाल्या. सोल्डरच केलं, बारा_व्होल्ट यांनी माफ करावं. नंबरप्लेटचा दिवा लखलखीत, वरचा ब्रेकलाइट लखलखीत, ब्रेक दाबल्यावर भुताटकी बंद. पाइपही नवी घातली.

लॉक साफ केलं. काय काय निघालं त्यातून! सोयाबीनची टरफलंसुद्धा. पंजा आता झटक्यात सुटतो. केबलची नळी खरंच क्लिपमधून बाहेर आलेली होती, तीही बसवली.

पण वायपर अजून नाही. आता कळ दाबली की मोटर 'गुंऽऽ' करते आणि वायपरचा हात हलत नाही. पाचव्या सेकंदाला मी बंद करतो.

बारा_व्होल्ट

गुंऽऽ म्हणजे करंट पोचला, मोटर जिवंत आहे, दांडा अडकलाय. बंद करता ते योग्य, कारण अडकलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट खेचते आणि गरम होते. फ्यूज उडायला लागला तर मोठा घालायचा मोह आवरा. १० अँपिअरचा तर १०चाच. फ्यूज वायरीसाठी असतो, मोटरसाठी नाही.

आणि एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल. काही गाड्यांत लॉकमधला स्विच "डिक्की उघडी आहे" म्हणाला की मागचा वायपर मुद्दामच चालत नाही, उघड्या दारावर हात फिरू नये म्हणून. तिथे डॅशबोर्डवर उघड्या दाराचा दिवा जळतोय आणि वायपर मेलाय, तर मोटरकडे जायच्या आधी लॉकचा स्विच बघायचा. गोदाकाठ यांची मोटर आता गुरगुरतेय, म्हणजे त्यांचं ते नाही.

त्याच स्विचमुळे आतला लाइट जळत राहतो. दहा वॅटचा लाइट रात्रभर, म्हणजे बारा तास राहिला तर दहा अँपिअर-अवर गेले. ३५ अँपिअर-अवरच्या जुन्या बॅटरीला सकाळी तेवढंही पुरतं मान टाकायला.

मांजराथडी

दांड्याचं मी सांगतो. मोटरच्या तोंडाशी ॲल्युमिनियमची नळी असते, तिच्यातून पोलादी दांडा काचेबाहेर येतो. वरची रबरी रिंग उन्हानं कडक झाली की पाणी आत शिरतं, ॲल्युमिनियमला पांढरी पूड धरते, ती फुगते अन् दांडा आवळून धरते. आपल्याकडं वायपर वर्षातले आठ महिने नुसता उन्हात उभा असतो. तो अडकतो वापरल्यामुळं कमी अन् न वापरल्यामुळं जास्त.

आधी हात काढायचा. टोपी उचला, खालचा नट सोडा. हात दांड्याच्या दातांवर बसलेला असतो, सहजासहजी निघत नाही. गंज सोडवायचं तेल टाका अन् रात्रभर ठेवा. सकाळी बॅटरी टर्मिनल काढायचा छोटा पुलर मिळतो, तो लावा. पुलर नसेल तर ज्याच्याकडं आहे त्याच्याकडं जा, पण हातोडी नको अन् काचेवर टेकवून स्क्रूड्रायव्हरनं उचकटणं तर अजिबात नको. काच फुटली तर साडेतीन हजाराची मोटर स्वस्त वाटेल. काढायच्या आधी हात काचेवर जिथं थांबलाय तिथं टेपची खूण करायला विसरू नका.

मोटर तीन बोल्टांवर असते. ती काढल्यावर दांड्यावर छोटी सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगसारखी कडी, दिसेल. ती उडून कुठं जाते ते शोधत बसावं लागतं, म्हणून पोत्याच्या आत हात घालून काढा. दांडा गिअरपासून सुटणारा असेल तर खुणा करून बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपरनं पूड काढा, नळी आतून पुसा, ग्रीस, नवी ओ-रिंग, म्हणजे तीच वरची रबरी रिंग. काही मोटरींत दांडा सुटत नाही, तिथं नळीच्या वरच्या बाजूनं तेल मुरवत हातानं मागंपुढं फिरवत राहायचं.

गोदाकाठ

ओ-रिंग कुठे मिळेल? कंपनीत विचारलं तर "मोटरसोबतच येते" म्हणाले.

मांजराथडी

मोंढ्यात जिथं पंपाचं, पाइपाचं सामान मिळतं तिथं जा. जुनी रिंग दाखवा. आतला व्यास अन् जाडी जुळली की झालं. दोन-चार घेऊन ठेवा, पाच-दहा रुपयाची वस्तू.

कपाशी

माझ्या वायपरला पाणीच येत नाही, पुढच्या काचेला मात्र येतं. म्हणजे मोटर चालू आहे असंच ना?

बारा_व्होल्ट

पुष्कळ गाड्यांत पंप एकच असतो. एका दिशेने फिरला की पाणी पुढे, उलट फिरला की मागे. तेव्हा पुढे पाणी येतं म्हणून मागचंही पंपापासून ठीक असेल असं नाही. मागची कळ दाबून कान द्या. पंपाचा आवाज आला तर पुढचं काम पाणी उडवणाऱ्या तोंडाचं किंवा पाइपचं. पाइप गोदाकाठ यांच्यासारखी त्या नळीतच फुटली नाही ना, ते आधी बघा. गाडीच्या आत छतावर ओल दिसते का?

तोंडाशी पांढरे खडे असतील तर तो क्षार. बारीक सुईने मोकळं करा, सुई आत तुटू देऊ नका. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तासभर ठेवलं तर क्षार विरघळतो.

मांजराथडी

आपलं बोअरचं पाणी टाकीत घालूच नका. एसीच्या नळीतून थेंबथेंब जे पाणी बादलीत पडतं ते गाळून घाला. त्याच्यात क्षार नसतात. आरओचं शुद्ध पाणी चालेल, पण आरओ जे पाणी बाहेर फेकतं ते नको. त्याच्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात. ते फुकट आहे म्हणून गाडीत ओतणारे मी पाहिलेत.

२०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा काचेवर पाण्याची चिळकांडी उडवणाऱ्याकडं लोक कसे बघायचे ते सांगायला नको. तेव्हापासून आमच्या घरी एसीचं पाणी कधी वाया गेलं नाही.

बालाघाटी

काका, ग्रोमेट लावलं. सिलिकॉनपण लावलं. पण आता बारा_व्होल्टचं वाचून मोटर परत बसवावी का असा इचार करायलोय. जुनी मोटर गोठ्यात हाय, उंदरानं वायर खाल्लीय.

बारा_व्होल्ट

बसवा. वायर नवी घाला, दांडा हाताने फिरतो का बघा आणि बॅटरीवर सुटी चालवून पाहिल्याशिवाय गाडीत घालू नका. फ्यूज मधे लावूनच चालवा.

गोदाकाठ

वायपर चालू!! मोटर तीच जुनी. दांडा तेलात मुरवल्यावर सुटला. पांढरी पूड सांगितली तशीच होती. ओ-रिंग मोंढ्यात मिळाली, दुकानदाराने पैसेच घेतले नाहीत.

एक सूचना माझ्याकडून. हात परत लावायच्या आधी मोटर एकदा चालवून बंद करायची. ती आपल्या थांब्यावर जाऊन उभी राहते, मग टेपच्या खुणेवर हात बसवायचा. मी घाईत तसाच बसवणार होतो, पण बायको म्हणाली, "आधी सुटी फिरवून तर बघा." मोटर थांबली ती भलत्याच कोनात.

सगळं मिळून वायर, स्लीव्ह, पाइप, ग्रीस सहाशेच्या आत. पातं मात्र नवं घ्यावं लागलं, जुन्याचं रबर लाकडासारखं झालं होतं.

आता शेवटची तक्रार. डिक्की एका हाताने, हलकेच लागते. पण गंगाखेड रस्त्यावर स्पीडब्रेकरवरून गेलं की खडखड येते. आधी येत नव्हती. स्ट्रायकर हलवू का? आणि डिक्की उघडी धरणारे शॉक जरा थकलेत, अर्ध्यावरून हळूहळू खाली येते.

मांजराथडी

शॉकचं आधी, कारण डोक्यावर पडतं. दोन्ही एकदम बदला, एक नवा एक जुना घातला की डिक्कीला पीळ बसतो. बसवताना डिक्कीला काठीचा टेका द्या. डिक्की बंद असताना शॉकची बारीक दांडी खालच्या बाजूला राहील असा बसवा, आतलं तेल सीलवर राहतं. जुना शॉक भोक पाडून बघायचा नाही, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

खडखडीसाठी स्ट्रायकर लगेच हलवू नका. तो तुमचा आता बरोबर आहे, म्हणून तर हलकेच लागते. आधी डिक्कीच्या कडेला दोन्ही बाजूंना रबरी बटणं असतात ती बघा. बऱ्याच गाड्यांत ती आट्यांची असतात. आपटून आपटून दबलेली असणार. अर्धा-अर्धा फेरा बाहेर काढा, दोन्हीकडं सारखा, अन् दर वेळी डिक्की लावून बघा. एका बाजूला कागद ठेवून डिक्की लावा, कागद ओढा. सहज निघाला तर अजून बाहेर, फाटला तर जास्त झालं.

तेवढ्यानं नाही गेली तरच स्ट्रायकर. त्याच्याभोवती मार्करनं रेघ मारा, बोल्ट थोडे ढिले करा. ज्या गाडीत तो वर-खाली सरकतो तिथं खडखड असेल तर दोरा-दोरा खाली, आपटावी लागत असेल तर वर. बोल्ट आवळल्यावर आधी स्क्रूड्रायव्हरनं पंजा बघायचा, मगच डिक्की लावायची.

गोदाकाठ

उजवं बटण आहे, डाव्या बाजूला नुसतंच भोक आहे. कधी पडलं देव जाणे.

मांजराथडी

मग खडखड तिथलीच. उजवं काढून मोंढ्यात घेऊन जा, तसलंच मिळेल. नाहीच मिळालं तर भंगारातल्या दुसऱ्या कुठल्याही गाडीचं, आटे जुळले की झालं. दाखवून झालं की उजवं परत बसवा, तसंच काढून ठेवू नका.